यंत्राला दगड दिसत नाही

तपासणीचा अहवाल हातात पडतो. एका ओळीत लिहिलेलं असतं: शिसं, १२.४ पीपीएम. वाचणारा मान डोलावतो आणि पुढच्या ओळीकडे जातो. असे आकडे काढण्यात काही वर्षं गेल्यामुळे माझी नजर मात्र दशांशानंतरच्या त्या चारावर अडकते. हा चार आला कुठून? दगडातून, आम्लाच्या बाटलीतून, की दगड ज्या चक्कीत दळला तिच्यातून?

खडकात, मातीत, पाण्यात अगदी नावापुरती असलेली मूलद्रव्यं म्हणजे लेशमूलद्रव्यं. ती मोजणं कठीण आहे म्हटलं की लोकांना वाटतं यंत्र कठीण असेल. यंत्र महाग असतं, नाजूक असतं, त्याचे नखरे असतात. पण ते शिकता येतं. खरी अडचण वेगळीच आहे. यंत्राला दगड दिसत नाही. त्याच्यापुढे येते प्लास्टिकची एक छोटी नळी आणि तिच्यातलं पाण्यासारखं दिसणारं दहा मिलिलिटर द्रावण. त्या द्रावणात काय आहे ते यंत्र सांगतं. ते द्रावण त्या डोंगराच्या किंवा त्या नदीच्या गाळाच्या वतीने बोलतंय की नाही, हे बघणं आपलं काम. आकडे चुकतात ते बहुतेक वेळा तिथेच.

नावापुरती म्हणजे किती

पृथ्वीच्या कवचाचं ९८ टक्क्यांच्या आसपास वजन फक्त आठ मूलद्रव्यांचं आहे: ऑक्सिजन, सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम. उरलेल्या चिमूटभर जागेत बाकी सगळी मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात. भूशास्त्रात साधारण ०.१ टक्क्याच्या खाली, म्हणजे १००० पीपीएमच्या खाली गेलेल्या मूलद्रव्याला लेशमूलद्रव्य म्हणायचा प्रघात आहे.

पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग, किलोमागे एक मिलिग्रॅम. एक किलोमीटर लांबीच्या रस्त्यावरचा एक मिलिमीटर असं समजा. पीपीबी म्हणजे अब्जात एक. तिथे तोच मिलिमीटर १००० किलोमीटरच्या रस्त्यावर शोधायचा. पीपीटी त्याच्याही हजारावा भाग. त्यासाठी रस्ता दहा लाख किलोमीटरचा लागेल, म्हणजे चंद्रावर जाऊन परत येऊनही उरेल एवढा. आजची यंत्रं द्रावणातलं पीपीटीपर्यंतचं प्रमाण रोजच्या कामात मोजतात.

एवढ्या किरकोळ गोष्टीच्या मागे का लागायचं? कारण मोठ्या मूलद्रव्यांकडून फारसं काही कळत नाही. जगात कुठलाही बेसॉल्ट उचला, सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपासच निघेल. लेशमूलद्रव्यांचं तसं नसतं. स्वतःचं खनिज बनवण्याइतकी त्यांची संख्या नसते, म्हणून ती दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहतात. ज्या स्फटिकात आपला आकार आणि विद्युतभार बसेल तिथे शिरायचं, नाही बसला तर वितळलेल्या शिलारसातच थांबायचं. त्यामुळे तो शिलारस कुठे आणि किती खोल तयार झाला, थंड होताना त्यातून कोणतं खनिज आधी बाहेर पडलं, याच्या खुणा या भाडेकरूंच्या यादीत राहतात. दुर्मिळ मृदा नावाच्या, एकमेकांसारख्या मूलद्रव्यांच्या कुळातलं युरोपियम हे याचं लाडकं उदाहरण. प्लॅजिओक्लेज नावाचं फेल्डस्पार युरोपियमला इतर भावंडांपेक्षा जास्त सहज सामावून घेतं. शिलारसातून हे खनिज वेगळं होऊन गेलं असेल, तर मागे उरलेल्या खडकात नेमकं युरोपियम कमी सापडतं. ते खनिज आज समोर नसलं तरी त्याची गैरहजेरी मोजता येते.

पाण्याच्या बाबतीत कारण आणखी सरळ आहे. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे १० पीपीबी आहे. चव नाही, रंग नाही, वास नाही. मोजल्याशिवाय ते कळण्याचा मार्गच नाही.

समुद्रातलं सोनं

हवा तो आकडा मिळाला की माणूस तपासायचं थांबतो. याचा मोठा धडा फ्रिट्झ हेबर यांना मिळाला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर प्रचंड युद्धखंडणी लादली गेली होती. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून नोबेल मिळवलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने ठरवलं की आता समुद्रातून सोनं काढायचं आणि देणं फेडायचं. कल्पना वाटते तेवढी वेडगळ नव्हती. तेव्हाची उपलब्ध मोजमापं सांगत होती की समुद्राच्या एका टन पाण्यात काही मिलिग्रॅम सोनं आहे. टनामागे मिलिग्रॅम म्हणजे पीपीबी. समुद्र केवढा मोठा, हिशेब करून बघा.

१९२० च्या दशकात त्यांनी जहाजावर प्रयोगशाळा थाटली, अटलांटिक ओलांडत नमुने घेतले, ठिकठिकाणांहून पाणी मागवलं. पद्धत जसजशी सुधारत गेली तसतसं सोनं कमी होत गेलं. शेवटी ते अपेक्षेच्या साधारण हजारावा भाग उरलं आणि योजना गुंडाळावी लागली. गंमत म्हणजे तो शेवटचा आकडाही जास्तच होता. आजच्या मोजमापांनुसार अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकच्या सुमारे १० कोटी टन पाण्यात एक ग्रॅम सोनं असतं.

मोजमाप सुधारलं की आकडा खाली येतो, हा अनुभव पुढे समुद्रातल्या बहुतेक धातूंच्या बाबतीत आला. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रसिद्ध झालेले शिसं, जस्त, तांबं, लोह यांचे किती तरी आकडे नंतर बाद झाले. ते धातू समुद्रात नव्हतेच. जहाजाच्या पत्र्यातून, नमुना वर ओढायच्या तारेतून, बाटलीच्या झाकणातून ते पाण्यात उतरले होते.

याचा सर्वांत जास्त त्रास सोसला आणि सर्वांत जास्त फायदाही करून घेतला तो क्लेअर पॅटरसन यांनी. १९४० च्या दशकाच्या शेवटी शिकागोत विद्यार्थी असताना त्यांना खडकातल्या झिरकॉन या बारीक खनिजातलं शिसं मोजायचं काम मिळालं होतं. त्याच खनिजातलं युरेनियम मोजणाऱ्या सहकाऱ्याचे आकडे नीट येत. पॅटरसनच्या शिशाचे आकडे मात्र भलतेच जास्त येत, कारण शिसं सगळीकडेच होतं: हवेतल्या धुळीत, नळाच्या पाण्यात, आम्लात, काचेत, माणसाच्या केसांत आणि कपड्यांवर. पुढे कॅलिफोर्नियात त्यांनी स्वतःची स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली. तिथे हवा गाळून येई, आम्लं पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केली जात. त्या शिस्तीतून १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं हा आकडा प्रसिद्ध झाला, आणि तो आजही जवळपास जागचा हललेला नाही.

मग पॅटरसन यांच्या लक्षात आलं की जी घाण आपण इतकी वर्षं प्रयोगशाळेतून बाहेर काढत होतो, तीच मुळात बातमी आहे. समुद्राच्या वरच्या थरात खोल पाण्यापेक्षा शिसं खूप जास्त निघालं. १९६९ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांतूनही शिसं कसं चढत गेलं ते दिसलं. त्यामागे मुख्यतः पेट्रोलमध्ये मिसळलेलं शिसं होतं. ते १९२३ पासून वापरात होतं आणि मोटारींच्या पेट्रोलमधून जगभर हद्दपार व्हायला २०२१ उजाडलं.

सोन्याचा एक कण

आता कामाला लागू. शेतातून, खाणीतून किंवा नदीतून दहा किलो नमुना आला आहे. यंत्रासाठी लागते ०.१ ग्रॅम पूड. दहा किलोतून ०.१ ग्रॅम म्हणजे लाखातला एक भाग. तो उरलेल्या ९९,९९९ भागांसारखाच आहे हे कशावरून?

सोन्याचा हिशेब करून बघू. ०.१ मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा एक गोल कण घ्या, डोळ्याला जेमतेम दिसेल असा. त्याचं वजन भरतं साधारण १० मायक्रोग्रॅम. ३० ग्रॅम पूड तपासायला घेतली आणि तो एक कण तिच्यात आला, तर उत्तर येईल ०.३३ पीपीएम. नाही आला तर शून्य. पोतं एकच, तोलून घेणारा हात एकच, यंत्र एकच, आणि उत्तरं दोन. दोन्ही बरोबर मोजलेली. म्हणून सोन्यासाठी जास्त पूड घेतात, ती खूप बारीक करतात, आणि एकाच पोत्यातून पुन्हा पुन्हा घेऊन बघतात. ज्याने हे केलेलं नाही त्याच्या सोन्याच्या आकड्यावर मी तरी पैसे लावणार नाही.

बारीक करायचं म्हणजे दळायचं, आणि चक्की स्वतःचा वाटा पुडीत टाकल्याशिवाय राहत नाही. पोलादी चक्की लोह, क्रोमियम आणि मँगेनीज सोडते. टंगस्टन कार्बाइडची चक्की काम झटपट करते, पण टंगस्टन आणि कोबाल्ट देऊन जाते. अकीकाची चक्की त्यातल्या त्यात सोज्वळ, पण सावकाश दळते आणि आपटली की तडकते. त्यामुळे दळायच्या आधीच ठरवावं लागतं की पुढे कोणत्या मूलद्रव्यावर बोलायचं आहे. पूड टंगस्टन कार्बाइडमध्ये दळून नंतर कोबाल्टवर निबंध लिहिणारे लोक मी पाहिले आहेत.

पाण्याचं वेगळं. पाणी दळावं लागत नाही, पण ते बाटलीत गप्प बसत नाही. नमुना घेतल्यावर साधारणपणे ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात आणि लगेच थोडं शुद्ध नायट्रिक आम्ल घालतात. नाहीतर विरघळलेलं लोह गंजासारखं खाली बसतं, जाताना आर्सेनिकलाही ओढून नेतं, आणि बरेच धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी खरोखरच 'शुद्ध' झालेलं असतं.

दगड विरघळतो तेव्हा

माझ्या मते सगळ्या कामातला सर्वांत रंजक भाग हाच आहे, आणि अहवालात त्यावर एक ओळसुद्धा नसते.

टेफ्लॉनच्या छोट्या भांड्यात १०० मिलिग्रॅम करडी पूड तोललेली आहे. कोरड्या हवेत ती स्थिर विजेने उडते, म्हणून आधी दोन थेंब पाणी. मग धुराडं चालू असलेल्या बंदिस्त कपाटात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल. खडकाचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा, आणि तो मोडण्याचं काम नेहमीच्या आम्लांपैकी फक्त हायड्रोफ्लोरिकच करतं. काच खाणारं आम्ल ते हेच, म्हणून भांडं काचेचं चालत नाही. ते कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमवर जातं आणि सौम्य असेल तर सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून कपाटाशेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटच्या मलमाची ट्यूब उघडायला सोपी अशी ठेवलेली असते. कितीही अनुभवी माणूस असला तरी हे आम्ल ओतताना बोलत नाही.

झाकण घट्ट करून भांडं गरम पाटावर ठेवलं की दोन दिवस तसंच. झाकण उघडून आम्ल उडवायला लागलं की सिलिकॉन वायूच्या रूपाने निघून जातो. तळाशी पांढरी, ओलसर साय उरते. इथे घाई केली आणि ती करपेपर्यंत सुकवली की कॅल्शियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची फ्लोराइडं घट्ट बसतात आणि परत विरघळायला कुरकुर करतात. म्हणून जेमतेम सुकल्यासारखं दिसलं की लगेच नायट्रिक, पुन्हा सुकवणं, पुन्हा नायट्रिक. शेवटी भांडं प्रकाशात तिरकं धरायचं आणि तळाकडे बघत राहायचं. द्रावण स्वच्छ दिसतं. पण बारीक निरखलं तर कधी कधी तळाशी चार-दोन चकचकीत कण फिरताना दिसतात. ते झिरकॉन.

झिरकॉनला उघड्या भांड्यातलं हायड्रोफ्लोरिकही नीट खात नाही. पोलादी कवचात बसवलेल्या टेफ्लॉनच्या बंद भांड्यात १९० अंशांच्या आसपास काही दिवस दाबाखाली ठेवावं लागतं, किंवा पूड लिथियम बोरेटबरोबर सुमारे १००० अंशांना वितळवून काच करावी लागते. हे टाळलं तर? यंत्र तक्रार करणार नाही. झिरकॉनमध्ये अडकून राहिलेल्या झिरकोनियम आणि हाफ्नियमचा कमी आकडा ते दोन दशांशांपर्यंत व्यवस्थित देईल. एका ग्रॅनाइटच्या बाबतीत आमचं असंच झालं होतं. आम्लाने काढलेलं झिरकोनियम क्ष-किरणांनी काढलेल्या झिरकोनियमच्या एक तृतीयांश आलं. दोन दिवस यंत्रावर संशय घेण्यात गेले. मग कुणीतरी टाकून द्यायच्या नळ्या उचलून तळाशी बघितलं.

६००० अंशांची ज्योत

विरघळलेल्या दगडाला शेवटी १०० मिलिलिटरपर्यंत पातळ करतात. म्हणजे हजारपट. दगडात एक पीपीएम असलेलं मूलद्रव्य आता नळीत एक पीपीबी आहे. उलटा अर्थही लक्षात ठेवायचा: नळीत बाहेरून एक पीपीबी जस्त पडलं, तर अहवालात दगडाच्या नावावर एक पीपीएम चढतं.

आज या कामाचा राजा आहे आयसीपी-एमएस, म्हणजे प्लाझ्मा आणि वस्तुमान-वर्णपटमापक यांची जोडगोळी. १९८० मध्ये पहिला शोधनिबंध आला आणि १९८३ मध्ये विकत मिळणारं यंत्र. काम असं चालतं: पंप मिनिटाला साधारण एक मिलिलिटर द्रावण ओढतो, त्याचा तुषार होतो, तुषाराचे मोठे थेंब वाटेतच गळून जातात आणि जेमतेम एक-दोन टक्के द्रावण ज्योतीपर्यंत पोचतं. ज्योत आर्गॉन वायूच्या प्लाझ्माची, सहा ते दहा हजार अंशांची. तिथे रेणू तुटतात आणि बहुतेक अणू एक इलेक्ट्रॉन गमावून भारित होतात. मग एक मिलिमीटरच्या आसपासचं भोक असलेल्या धातूच्या शंकूतून ते निर्वातात खेचले जातात. पुढे चार दांड्यांची चाळणी एका वेळी एकाच वस्तुमानाला वाट देते, आणि शेवटी शोधक पोचलेले आयन मोजतो. ३० पासून २३८ पर्यंत सगळी वस्तुमानं काही सेकंदांत चाळून होतात.

पण चाळणी नाव बघत नाही, फक्त वस्तुमान बघते. आणि इथे सोंगं सुरू होतात. एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंना समस्थानिकं म्हणतात. आर्सेनिकचं निसर्गात एकच समस्थानिक आहे, वस्तुमान ७५. ज्योतीतल्या आर्गॉनचं वस्तुमान ४०, क्लोरीनचं ३५. दोघे हातात हात घालून निघाले की झाले ७५. खाऱ्या पाण्यात किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलेल्या नमुन्यात आर्सेनिकचा कणही नसताना आर्सेनिक दिसू लागतं. लोहाच्या ५६ वर आर्गॉन आणि ऑक्सिजनची जोडी बसते, सेलेनियमच्या ८० वर दोन आर्गॉन. दुर्मिळ मृदांमध्ये बेरियम ऑक्साइड युरोपियमचं सोंग घेतं, आणि खडकात बेरियम युरोपियमच्या शेकडो पट असल्यामुळे थोडंसं ऑक्साइडही पुरतं. वर सांगितलेली युरोपियमची 'गैरहजेरी' याने सहज भरून निघते.

यावर उतारा मजेशीर आहे. चाळणीच्या आधी एका छोट्या कोठडीत हेलियम भरतात. जोडी करून आलेला रेणू एकट्या अणूपेक्षा आकाराने मोठा, त्याला हेलियमचे धक्के जास्त बसतात, तो जास्त दमतो. कोठडीच्या दाराशी ऊर्जेचा एक छोटा उंबरठा ठेवला की दमलेले मागे राहतात आणि खरा आर्सेनिक पुढे जातो.

बाकीच्या पद्धतींवर थोडक्यात. १९५५ मध्ये ॲलन वॉल्श यांनी पुढे आणलेली अणुशोषण पद्धत, म्हणजे अणू किती प्रकाश शोषतात त्यावरून मोजणं, अजून अनेक ठिकाणी इमानाने चालते, फक्त साधारणपणे एका वेळी एकच मूलद्रव्य. क्ष-किरण प्रतिदीप्तीत नमुन्यावर क्ष-किरण मारून त्यातून परत निघणारे किरण मोजतात. तिला दगड विरघळवावा लागत नाही, झिरकॉनचा प्रश्नच येत नाही. पण काही पीपीएमच्या खाली तिचा हात पोचत नाही. हातात धरायच्या क्ष-किरण बंदुकीला तर शिसं आणि आर्सेनिक वेगळं ओळखणं जड जातं, कारण दोघांच्या मुख्य किरणरेषा जवळपास एकाच ऊर्जेला येतात: १०.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वर. शिशाने माखलेल्या मातीत या बंदुकीने आर्सेनिक दाखवलं तर लगेच घाबरू नये.

न्यूट्रॉन सक्रियणाबद्दल मात्र मला थोडं पक्षपाती प्रेम आहे. पूड तशीच अणुभट्टीत ठेवायची, न्यूट्रॉनांचा मारा झाला की काही अणू किरणोत्सारी होतात, आणि बाहेर काढल्यावर त्यांच्या गॅमा किरणांवरून ते ओळखायचे. यातली खुबी अशी की भट्टीतून बाहेर आल्यानंतर नमुन्यात धूळ पडली तरी फरक पडत नाही. ती धूळ किरणोत्सारी नाही, म्हणून मोजलीच जात नाही. १९८० मध्ये इटलीतल्या गुब्बिओच्या चिकणमातीच्या पातळ थरात आजूबाजूच्या सुमारे तीसपट इरिडियम सापडलं आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळली या कल्पनेला पाय फुटले. ते इरिडियम, जेमतेम ९ पीपीबी, याच पद्धतीने मोजलं होतं. अर्थात भट्टीत जाण्याआधीची काळजी चुकत नाहीच. प्लॅटिनमच्या दागिन्यात अनेकदा इरिडियम मिसळलेलं असतं, आणि इतक्या खाली मोजताना बोटातली अंगठीसुद्धा उल्केचं काम करू शकते.

रिकामी नळी

प्रत्येक फेरीत एक भांडं असं असतं ज्यात दगड नसतोच. तेच आम्ल, तेच तापवणं, तेच सुकवणं, तेच पातळ करणं. त्याला ब्लँक म्हणतात. नवख्या माणसाला तो वेळेचा अपव्यय वाटतो. जुना माणूस निकाल आल्यावर सर्वांत आधी ब्लँक बघतो. एकदा आमच्याकडे सगळ्या नमुन्यांत जस्त छान चढलेलं होतं, आणि ब्लँकमध्येही तेवढंच. आम्ल बदललं, पाणी बदललं, फरक नाही. शेवटी लक्षात आलं की त्या आठवड्यात हातमोज्यांचा नवा खोका उघडला होता, आतून पावडर लावलेला. रबरी मोज्यांच्या कारखान्यात जस्ताची संयुगं वापरतात.

ब्लँकचा आणखी एक उपयोग आहे. तोच ब्लँक दहा वेळा मोजला तर दहा वेळा किंचित वेगळा आकडा येतो. त्या चढउताराच्या प्रमाण विचलनाची तिप्पट म्हणजे साधारणपणे शोधमर्यादा. त्याच्या खाली काही दिसलं तरी ते आहे असं म्हणायचा हक्क नाही. म्हणून अहवालात '०.५ पेक्षा कमी' असं लिहितात. त्याचा अर्थ शून्य नव्हे. तिथे शून्य भरून सरासरी काढणाऱ्या तक्त्यांशी माझं जुनं वैर आहे.

ब्लँक फक्त बाहेरून आलेलं पकडतो. आतलं हरवलेलं त्याला कळत नाही. न विरघळलेल्या झिरकॉनबद्दल तो एक अवाक्षर काढणार नाही. त्यासाठी प्रत्येक फेरीत एक ओळखीचा दगड घालतात. याची सुरुवातही एका फजितीतून झाली. अमेरिकेत एक ग्रॅनाइट आणि एक डायाबेज (बेसॉल्टच्या जातीचा खडक) भरपूर प्रमाणात दळून जी-१ आणि डब्ल्यू-१ या नावांनी बऱ्याच प्रयोगशाळांना वाटले गेले. १९५१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा दिसलं की एकाच पुडीवर नामांकित प्रयोगशाळांचं सिलिका आणि ॲल्युमिनासारख्या ढोबळ गोष्टींवरही एकमत होत नाही. लेशमूलद्रव्यांची गोष्टच सोडा. त्यानंतर संदर्भ-खडक हा या धंद्याचा कणा झाला. हवाईचा बेसॉल्ट बीएचव्हीओ-२ आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोज विरघळत असतो. त्याचा आकडा चुकला की त्या फेरीतले सगळे आकडे संशयित.

आणि एक युक्ती आहे जिच्यात हरवण्याची भीतीच नाही. तळ्यात मासे किती हे मोजायचं असेल तर १०० मासे पकडून खूण करून परत सोडतात. नंतर जाळ्यात ५० आले आणि त्यातले ५ खुणेचे निघाले, तर तळ्यात सुमारे १००० मासे. जाळ्यात ५० ऐवजी २० आले तरी हिशेब चुकत नाही, कारण महत्त्व गुणोत्तराला आहे. शिशाचंही तसंच करता येतं. शिशाची स्थिर समस्थानिकं चार: २०४, २०६, २०७, २०८. त्यातलं एक जवळजवळ शुद्ध स्वरूपात मिळवून, मोजून, दगडाबरोबर सुरुवातीलाच घालायचं. दोन्ही शिसं पूर्ण मिसळलं की नंतर अर्धं सांडलं तरी गुणोत्तर तेच राहतं. पॅटरसन हेच करत होते. म्हणून तर त्यांना खात्री होती की जास्तीचं शिसं हिशेबाच्या चुकीतून आलेलं नाही. ते खरोखर भांड्यात आहे. सांडलेलं या युक्तीने भरून निघतं, बाहेरून पडलेलं निघत नाही.

किती, आणि कुठल्या रूपात

पर्यावरणाच्या नमुन्यांत आकडा बरोबर आला तरी काम संपत नाही. क्रोमियम त्रिसंयुजी असेल तर बऱ्यापैकी निरुपद्रवी, षट्संयुजी असेल तर कर्करोगकारक. अकार्बनी आर्सेनिक विष आहे. समुद्री माशांमधलं आर्सेनोबीटेन शरीरातून जसंच्या तसं निघून जातं. ६००० अंशांच्या ज्योतीत ही सगळी रूपं मोडून एकच आर्सेनिक उरतं. रूप ओळखायचं असेल तर ज्योतीच्या आधी स्तंभातून द्रावण सोडून त्यांना वेगळं करावं लागतं, आणि मुख्य म्हणजे ते रूप नमुना घेतल्यापासून बदलू न देता टिकवावं लागतं. नेहमीसारखं बाटलीत सढळ हाताने आम्ल ओतलं की षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी होऊ लागतं.

आणि ज्याची चौकशीच केली नाही ते कुठल्याच पद्धतीत सापडत नाही. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून रोगट तलावांच्या पाण्याऐवजी नळकूपांचं पाणी द्यायला सुरुवात झाली. १९९२ मध्ये त्यातल्या काही नळकूपांच्या पाण्याची तपासणी झाली, बऱ्याच लेशमूलद्रव्यांसाठी झाली. पुढच्याच वर्षी तिथल्या भूजलात आर्सेनिक असल्याचं उघड झालं. १९९० च्या दशकाच्या शेवटी साडेतीन हजारांहून जास्त नळकूप तपासले गेले, तेव्हा उथळ नळकूपांपैकी सुमारे २७ टक्क्यांत ते लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं. १९९२ च्या त्या तक्त्यात आर्सेनिकपुढे शून्य लिहिलेलं नव्हतं. तो रकानाच नव्हता.